मुक्या रुग्णाची भाषा : कुत्र्या-मांजरांच्या रोगनिदानाचे शिक्षण

बेळगाव शहराच्या उत्तरेस, पुणे-बंगळूर महामार्गाला लागून काकती हे गाव वसले आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्मा यांचे जन्मगाव म्हणून ते इतिहासात ओळखले जाते. चोर्ला घाटातून बेळगाव गाठणाऱ्या आणि पुढे कोल्हापूर-पुण्याकडे निघालेल्या गोमंतकीयांना काकतीची पाटी परिचयाची आहे. गावात गाई-म्हशी आहेत, शेतराखणीची कुत्री आहेत, घरोघरी वावरणारी मांजरे आहेत आणि अलीकडे शहराच्या सान्निध्यामुळे लॅब्राडोर, पॉमेरेनियनसारखी हौसेने पाळलेली श्वानेही आहेत. भरधाव महामार्गाच्या कडेला असलेल्या अशा गावात रात्री एखादे कुत्रे वाहनाच्या धडकेने जखमी झाले, तर त्याला तपासणारा पशुवैद्य कोठे शिकला, काय शिकला आणि पदवी घेण्यापूर्वी त्याने प्रत्यक्ष किती कुत्री हाताळली, या प्रश्नांच्या उत्तरांवर त्या जिवाचे भवितव्य ठरते. गोव्यातील कोणत्याही वाड्यावरील चित्र याहून फारसे वेगळे नाही.

पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना कुत्रा व मांजर यांचे रोग ओळखण्यास आणि त्यांवर उपचार करण्यास शिकवणे, ही पशुवैद्यकीय शिक्षणातील तुलनेने तरुण शाखा आहे. तिचा उगम, तिची पद्धत आणि तिच्यातील उणिवा यांचा हा परिचय.

घोड्यापासून घरातील मांजरापर्यंत

आधुनिक पशुवैद्यकीय शिक्षणाचा प्रारंभ फ्रान्समधील लिआँ येथे १७६१ साली क्लोद बूर्जला यांनी स्थापन केलेल्या विद्यालयापासून मानला जातो. त्या काळी प्रश्न होता तो सैन्याच्या घोड्यांचा आणि युरोपभर गुरे मारणाऱ्या बुळकांडी रोगाचा. भारतातही हीच पार्श्वभूमी होती. १८६२ साली पुण्यात लष्करी पशुवैद्यक शाळा सुरू झाली, ती घोड्यांसाठी. गुरांच्या साथींचा अभ्यास करण्याकरिता १८८९ मध्ये पुण्यातच एक जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली. ती पुढे हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलवण्यात आली आणि तिच्यातूनच आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था आकारास आली.

मुंबईत सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नीचे नाव धारण करणारे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय परळ येथे उभे राहिले. त्याच आवारात १८८६ साली मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. महाविद्यालय आणि रुग्णालय एकाच छत्राखाली असण्याचा लाभ तेथील विद्यार्थ्यांना पिढ्यान्‌पिढ्या मिळत आला. ट्रामचे घोडे आणि गाड्यांचे बैल यांची जागा शहर बदलत गेले तशी कुत्र्या-मांजरांनी घेतली. महानगरातील विद्यार्थ्याला लहान प्राण्यांचे रुग्ण जितके पाहावयास मिळतात, तितके ग्रामीण भागातील महाविद्यालयात क्वचितच मिळतात.

आज महाराष्ट्रातील शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालये नागपूर येथील महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आहेत. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ ही त्यांतील परिचित नावे. कर्नाटकातील महाविद्यालये बिदर येथील विद्यापीठाशी संलग्न असून बेळगाव जिल्ह्यातच अथणी येथेही पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. काकतीच्या दृष्टीने पाहिले, तर एकच महामार्ग उत्तरेस सातारा जिल्ह्यातील शिरवळकडे आणि दक्षिणेस बंगळूरकडे जातो. अथणी त्याच जिल्ह्यात ईशान्येस आहे. गोव्यातील विद्यार्थ्यांनीही या शिक्षणासाठी दीर्घकाळ मुंबईची किंवा अन्य परराज्यांची वाट धरली आहे. त्यामुळे गोव्यात काम करणाऱ्या पशुवैद्याचे हात बहुधा राज्याबाहेरील रुग्णालयांत घडलेले असतात.

साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ साली संमत झाला. त्या कायद्यान्वये स्थापन झालेली परिषद देशभरातील पशुवैद्यकीय शिक्षणाची किमान मानके ठरवते. २०१६ च्या मानकांनुसार पदवीचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे. साडेचार वर्षे अध्ययन आणि एक वर्ष आंतरवासिता, अशी त्याची विभागणी आहे. प्रत्येक महाविद्यालयाशी संलग्न असे शिक्षण-चिकित्सालय असणेही या मानकांनी आवश्यक ठरवले आहे.

पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र शिकताना गाय-बैल हा आदर्श नमुना मानला जातो. घोडा, कुत्रा, डुक्कर, कोंबडी यांची रचना त्याच्याशी तुलना करून शिकवली जाते. त्यानंतर शरीरक्रियाशास्त्र, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, परजीवीशास्त्र, औषधशास्त्र असा क्रम चालतो. रोगचिकित्सा, शल्यचिकित्सा व क्ष-किरणशास्त्र आणि प्रजननशास्त्र हे रुग्णाशी थेट संबंध असणारे विषय उत्तरार्धात येतात. कुत्रा व मांजर यांना स्वतंत्र वर्ष नाही. ते या सर्व विषयांत विखुरलेले आहेत.

या रचनेमागे कारण आहे. देशाचे पशुवैद्यकीय धोरण दूध, मांस, अंडी आणि शेतीची ओढशक्ती यांभोवती उभे राहिले. शेतकऱ्याची म्हैस मेली तर घराचे अर्थकारण कोसळते, म्हणून सरकारी दवाखान्याचा प्राधान्यक्रम ठरलेला होता आणि तो अन्यायकारक होता असे म्हणता येत नाही. परंतु दवाखान्याच्या दारात उभा राहणारा रुग्ण बदलला आहे. शिक्षणाचा भार अद्याप गोठ्याकडे आणि रुग्णांची रांग दिवाणखान्याकडून, असे हे व्यस्त प्रमाण आहे. लहान प्राण्यांच्या चिकित्सेत विशेष प्रावीण्य हवे असल्यास विद्यार्थ्याला पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण घ्यावे लागते.

मालकाच्या तोंडून आजार

मानवी वैद्यकातील विद्यार्थी रुग्णाशी बोलतो. पशुवैद्यकाचा विद्यार्थी रुग्णाच्या मालकाशी बोलतो. म्हणून पहिला धडा वृत्तांत घेण्याचा असतो. प्राण्याची जात, वय, लिंग, निर्बीजीकरण झाले आहे काय, लसी कोणत्या व केव्हा दिल्या, खाणे काय, पाणी किती पितो, लघवी-शौच कसे, घरात उंदरांचे विष ठेवले आहे काय, आजार केव्हा सुरू झाला आणि त्यापूर्वी कोणते औषध दिले, हे सारे क्रमाने विचारावयाचे असते.

केवळ वय आणि लिंग यांवरूनही अर्धी दिशा मिळते. लस न घेतलेल्या तीन महिन्यांच्या पिल्लाला उलट्या आणि रक्तमिश्रित जुलाब होत असतील, तर पार्वो विषाणूचा विचार प्रथम येतो. सात-आठ वर्षांची, निर्बीजीकरण न झालेली मादी माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांनी मलूल होऊन भरपूर पाणी पिऊ लागली, तर गर्भाशयात पू साठला आहे काय हे पाहावे लागते. वंशाचाही असाच उपयोग होतो. अथणीच्या आग्नेयेस बागलकोट जिल्ह्यात मुधोळ आहे. घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला मुधोळ हाउंड तेथील. त्या श्वानासाठी मुधोळजवळ तिम्मापूर येथे विद्यापीठाचे संशोधन व माहिती केंद्रही आहे. ग्रेहाउंड वर्गातील सडपातळ श्वानांत थायोपेंटोनसारख्या औषधाने दिलेली भूल उतरण्यास अधिक वेळ लागतो, हे ज्ञात आहे. मुधोळचा बांधाही तसाच असल्याने त्याला भूल देताना विद्यार्थ्याला सावध राहण्यास शिकवले जाते.

या टप्प्यावर भाषेचा प्रश्न उभा राहतो. पाठ्यपुस्तके इंग्रजीत असतात, पण आजार सांगितला जातो तो घरच्या बोलीत. बेळगावच्या दवाखान्यात एकाच सकाळी मराठी, कन्नड, कोंकणी आणि उर्दू बोलणारे मालक येऊ शकतात. एकासाठी रुग्ण कुत्रे असते, दुसऱ्यासाठी 'नायी' तर तिसऱ्यासाठी 'सुणें'. ही नावे कळण्यास अवघड नाहीत. अवघड असते ती लक्षणांची शब्दकळा. मालक 'उलटी' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ दोन प्रकारचा असू शकतो. पोट आवळून, मळमळून बाहेर पडलेले अन्न ही खरी उलटी होय, आणि तिचे कारण पोटात, आतड्यात, यकृतात वा मूत्रपिंडात शोधावे लागते. कोणताही जोर न करता, गिळलेले अन्न जसेच्या तसे परत येणे ही निराळी गोष्ट असून तिचे मूळ बहुधा अन्ननलिकेत असते. भेद न विचारल्यास तपासणी चुकीच्या अवयवाची होते.

याहून गंभीर उदाहरण 'घशात हाड अडकले आहे' या वाक्याचे आहे. आपल्याकडे हे वाक्य प्रत्येक पशुवैद्य वारंवार ऐकतो. त्यामागे तीन अगदी भिन्न शक्यता असतात. पहिली, खरोखरच हाड अडकलेले असणे. दुसरी, श्वासनलिकेच्या संसर्गामुळे येणारा कोरडा, ठसक्याचा खोकला. त्याच्या शेवटी कुत्रे ओकारी काढल्यासारखे करते, म्हणून मालकाला हाडाचा संशय येतो. तिसरी शक्यता रेबीजची. मूक प्रकारच्या रेबीजमध्ये जबडा लुळा पडतो, तोंड उघडे राहते, लाळ गळते आणि गिळता येत नाही. पाहणाऱ्याला घशात काही अडकले आहे असेच वाटते. अशा वेळी हाड काढण्यासाठी तोंडात हात घालणारा मालक किंवा अननुभवी विद्यार्थी स्वतःचा जीव धोक्यात घालतो. लक्षणे दिसू लागल्यानंतर रेबीज जवळजवळ निरपवादपणे प्राणघातक आहे. म्हणूनच आधी प्रश्न, मग अंतरावरून निरीक्षण आणि शेवटी स्पर्श, हा क्रम शिक्षक पुनःपुन्हा घोकून घेतात. कुत्र्या-मांजरांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस घेतलेली असणे ही या शिक्षणाची पहिली अट मानली पाहिजे.

डोळे, हात आणि कान

वृत्तांत सुरू असतानाच विद्यार्थ्याचे डोळे प्राण्यावर असावेत, अशी अपेक्षा असते. तो कसा चालत आला, कोणता पाय उचलून धरतो, मान तिरकी आहे काय, श्वास छातीने घेतो की पोटाने, हे टेबलावर उचलून ठेवल्यानंतर कळत नाही. घाबरलेला प्राणी वेदना लपवतो, आणि मांजर ती विशेष कौशल्याने लपवते.

त्यानंतर नाकापासून शेपटीपर्यंत, प्रत्येक वेळी त्याच क्रमाने तपासणी करावयाची असते. क्रम न मोडण्याचे कारण साधे आहे. कान वाहत असल्याची तक्रार घेऊन आलेल्या कुत्र्याच्या पोटात गाठ असू शकते, आणि केवळ कान पाहणाऱ्याला ती सापडत नाही. गुदमार्गातील तापमान कुत्र्यात साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. माणसाच्या तापमानाशी तुलना करून निरोगी कुत्र्याला 'अंगात कणकण आहे' असे समजणारे मालक पुष्कळ असतात. नाक कोरडे म्हणजे ताप, हा समजही तितकाच निराधार आहे. नाडी मांडीच्या आतील बाजूस धमनीवर बोटे ठेवून मोजतात. प्रौढ कुत्र्यात ती मिनिटाला साधारण ७० ते १२० असते आणि मांजरात १४० ते २२० पर्यंत जाते. हिरडीवर बोट दाबून सोडल्यावर पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हावा लागतो. उशीर झाल्यास रक्ताभिसरण मंदावले आहे असे समजावे. खांद्यावरील कातडी चिमटीत उचलून सोडली असता ती सावकाश बसली, तर शरीरातील पाणी कमी झाले आहे.

या यादीत एकही महागडे यंत्र नाही, ही गोष्ट काकतीसारख्या गावाच्या किंवा सत्तरी-सांगे तालुक्यांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. सोनोग्राफी, डिजिटल क्ष-किरण, रक्तघटक मोजणारी यंत्रे शहरांतील दवाखान्यांत आली आहेत आणि त्यांचे मोल मोठे आहे. परंतु महामार्गावर धडक बसलेल्या कुत्र्याच्या हिरड्या पांढऱ्याफटक आहेत, नाडी क्षीण आणि जलद आहे, पोट फुगत चालले आहे, हे ओळखण्यास दोन बोटे आणि घड्याळ पुरते. पायाचे मोडलेले हाड डोळ्यांना प्रथम दिसते, पण जीव जातो तो आतील रक्तस्रावाने. आधी श्वास व रक्ताभिसरण आणि नंतर हाड, हा अग्रक्रम ज्याच्या हाताला लागला आहे, तो तुटपुंज्या साधनांतही प्राण वाचवू शकतो.

निदानाची शिडी

तपासणीत आढळलेल्या गोष्टींची यादी करणे, त्या यादीतील प्रत्येक समस्येची संभाव्य कारणे मांडणे आणि मग एकेक कारण चाचणीने बाद करत जाणे, ही निदानाची आजची अध्यापनपद्धती आहे. उदाहरणार्थ, चार वर्षांचा कुत्रा आठवडाभर मलूल आहे, ताप आहे, हिरड्या फिकट आहेत आणि सकाळी नाकातून रक्त आले. अंगावर गोचिडी आहेत. नाकातील रक्तामुळे विद्यार्थी प्रथम नाकातील इजेचा किंवा गाठीचा विचार करतो. ताप आणि फिकट हिरड्या ध्यानात घेतल्या, म्हणजे विचार रक्ताकडे वळतो. गोचिडीमुळे पसरणारा अर्लिचियोसिस हा रोग आपल्या उष्ण-दमट पट्ट्यात सर्रास आढळतो. त्यात रक्त साकळण्यास लागणाऱ्या बिंबिका घटतात आणि रक्तस्राव होतो. गोचिडीमुळेच पसरणारा बॅबेसिया हा परजीवी तांबड्या पेशी नष्ट करतो. कधी दोन्ही रोग एकाच कुत्र्यात नांदतात.

येथे सूक्ष्मदर्शकाचे महत्त्व कळते. कानाच्या कडेतून घेतलेला रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, रंगवून पाहिल्यास परजीवी प्रत्यक्ष दिसू शकतो. परंतु तो न दिसणे म्हणजे रोग नसणे नव्हे, हेही त्याच तासाला शिकवावे लागते. अर्लिचियोसिसवर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक उपयोगी पडते आणि ते साधारण चार आठवडे द्यावे लागते. बॅबेसियावर त्याचा पुरेसा उपयोग होत नाही. म्हणजे निदान अर्धवट राहिले तर उपचारही अर्धवट राहतो. दोन दिवसांत कुत्रे खाऊ लागले म्हणून मालकाने औषध थांबवले, तर रोग दबा धरून बसतो. उपचार शिकवणे म्हणजे मालकाला हे समजावून सांगण्यास शिकवणेही होय.

पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा विचार करावा लागतो. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात-चिखलात पसरणारा हा रोग कुत्र्याला कावीळ व मूत्रपिंडाचा विकार जडवतो आणि माणसालाही होतो. गोव्यातील शेतकरी व भातशेतीत राबणारे मजूर त्याला ओळखून आहेत. अशा कुत्र्याला हातमोज्यांशिवाय हाताळू नये आणि घरातील माणसांना ताप आहे काय, हे विचारावे, असा धडा येथे मिळतो. एका मुक्या रुग्णाचे निदान कित्येकदा संपूर्ण घराचे रक्षण करते.

मांजर म्हणजे छोटा कुत्रा नव्हे

लहान प्राण्यांच्या चिकित्सेत हे वाक्य जगभर शिकवले जाते. मांजर केवळ मांसाहारावर जगणारा प्राणी आहे. टॉरिन हे द्रव्य त्याला आहारातूनच मिळावे लागते. ते न मिळाल्यास दृष्टी व हृदय यांवर परिणाम होतो. म्हणून केवळ दूध-भातावर वाढवलेल्या मांजराबाबत आहाराचा प्रश्न विचारावाच लागतो.

औषधांच्या बाबतीत हा भेद जीवघेणा ठरतो. माणसाच्या तापावरील पॅरासिटामॉलची गोळी मांजराला अत्यंत विषारी आहे. ते द्रव्य निष्प्रभ करणारी यकृतातील यंत्रणा मांजरात अतिशय दुबळी असल्याने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता नष्ट होते, हिरड्या तपकिरी पडतात आणि श्वास लागतो. घरच्या औषधपेटीतील एक गोळी प्रेमापोटी दिली जाते आणि मांजर दगावते. कुत्र्यांच्या गोचिडी-पिसवांसाठी मिळणारी पर्मेथ्रिनयुक्त औषधेही मांजराला बाधतात. रक्त देतानाही सावधगिरी हवी. मांजरांत अ, ब आणि अब असे रक्तगट असून विरुद्ध गटाविरोधी प्रतिद्रव्ये त्यांच्या रक्तात जन्मजातच असतात. त्यामुळे गट न तपासता दिलेले पहिलेच रक्त प्राणघातक ठरू शकते. कुत्र्यात पहिल्या वेळी असा धोका बराच कमी असतो.

बोका वारंवार वाळूत बसतो, कण्हतो, पण काहीच होत नाही, अशी तक्रार आली की मालक बद्धकोष्ठ समजतो. प्रत्यक्षात अनेकदा मूत्रमार्ग तुंबलेला असतो. मूत्राशय दगडासारखे घट्ट हाताला लागते. पोटॅशियम साठून हृदय बंद पडण्यापूर्वी हाती दिवस-दोन दिवसच असतात. येथे विद्यार्थ्याचा हात पोटावर पडला की नाही, एवढ्यावर निकाल लागतो.

सुई-दोरा आणि नीतीचा प्रश्न

शल्यचिकित्सा पुस्तकातून येत नाही. प्रथम कापडावर, केळ्याच्या सालीवर किंवा सिलिकॉनच्या नमुन्यावर टाके घालण्याचा सराव, मग मृतदेहावर आणि त्यानंतर अनुभवी शल्यवैद्याच्या देखरेखीखाली जिवंत रुग्णावर, हा आज मान्य असलेला क्रम आहे. मादीचे निर्बीजीकरण ही शस्त्रक्रिया त्यात केंद्रस्थानी आहे. भूल, निर्जंतुकता, पोट उघडणे, रक्तवाहिनी बांधणे, थरांनुसार शिवणे आणि वेदनाशमन, या सर्वांचा अभ्यास एकाच शस्त्रक्रियेत होतो.

परंतु हा सराव कोणाच्या प्राण्यावर व्हावा? ऐपतदार मालक आपले श्वान विद्यार्थ्याच्या हाती सहसा देत नाही. उरतात ती रस्त्यावरील कुत्री आणि गरिबाघरची जनावरे. ज्याला 'नको' म्हणता येत नाही, त्याच्याच देहावर ज्ञान मिळवले जाते, ही या शिक्षणातील जुनी सल आहे. तिचे प्रामाणिक उत्तर एकच असू शकते. शस्त्रक्रिया त्या प्राण्याच्या किंवा त्याच्या समूहाच्या हिताचीच असावी, देखरेख पूर्ण असावी आणि शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा व वेदनाशमन यांत पाळीव आणि भटका असा भेद नसावा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आणि त्याखालील प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ यांचा गाभाही हाच आहे. या नियमांनुसार भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांना त्यांच्याच जागी परत सोडावयाचे असते.

गोव्याचा धडा

या संदर्भात गोव्याचे स्थान देशात वेगळे आहे. बार्देश तालुक्यातील आसगाव येथे 'वर्ल्डवाइड व्हेटरनरी सर्व्हिस' या संस्थेचे प्रशिक्षण केंद्र आहे. देशातील पशुवैद्य आणि परदेशांतील विद्यार्थी तेथे येऊन भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया व भूलशास्त्र यांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतात. ज्या राज्याने पदवीसाठी आपली मुले बाहेर पाठवली, त्याच राज्यात बाहेरचे पदवीधर हात घडवण्यासाठी येतात.

त्याच्याशी निगडित दुसरे कार्य रेबीज निर्मूलनाचे. 'मिशन रेबीज', राज्य सरकारचे पशुसंवर्धन खाते आणि आरोग्य यंत्रणा यांच्या सहकार्याने २०१३ ते २०१९ या काळात गोव्यात कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लसमात्रा देण्यात आल्या आणि जवळपास सात लाख शालेय मुलांना प्रतिबंधाचे शिक्षण मिळाले. या उपक्रमाचा शोधनिबंध २०२२ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार कुत्र्यांतील रेबीजच्या मासिक रुग्णसंख्येत ९२ टक्के घट झाली आणि अभ्यासाच्या अखेरच्या काळात मानवी मृत्यू थांबले. २०२१ मध्ये गोवा 'रेबीज-नियंत्रित क्षेत्र' म्हणून घोषित झाला.

विद्यार्थ्यासाठी यातील बोध असा, की रेबीजचे जिवंतपणी केलेले निदान हा संशय असतो आणि मृत्यूनंतर मेंदूच्या ऊतीची प्रयोगशाळेत केलेली तपासणी हा पुरावा. संशयित कुत्रे पुरून टाकून विषय संपवला, तर त्याने कोणाला चावा घेतला आणि साथ कोठवर पोहोचली, याचा माग लागत नाही. दुसरा बोध सीमेचा आहे. कुत्रा राज्याची हद्द ओळखत नाही. गोवा, बेळगाव, सिंधुदुर्ग आणि उत्तर कन्नड यांच्यामध्ये घाट आहेत, भिंती नाहीत. दरवर्षी किमान ७० टक्के कुत्र्यांना लस द्यावी, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष घाटाच्या एकाच बाजूस पाळून भागणार नाही.

उणिवा आणि अपेक्षा

ग्रामीण महाविद्यालयांत लहान प्राण्यांचे रुग्ण थोडे, आणि विशेषतः मांजरे फारच थोडी. रात्रीची आणीबाणीची सेवा बहुतेक ठिकाणी नसल्याने अत्यवस्थ रुग्ण हाताळण्याची सवय विद्यार्थ्याला लागत नाही. दुसरी उणीव संवादाची. असाध्य रोगाने तळमळणाऱ्या प्राण्याला वेदनारहित मरण द्यावे काय, हे मालकाशी कसे बोलावे, उपचाराचा खर्च झेपत नसेल तर कोणता मध्यममार्ग सुचवावा, हे तास घेऊन शिकवले जात नाही. नवा पदवीधर ते दवाखान्यात, रडणाऱ्या मालकासमोर शिकतो. आंतरवासितेच्या वर्षात शहरी रुग्णालयातील काही महिने आणि स्थानिक भाषेतील संवादाचा सराव, एवढ्या दोन गोष्टींनीही पुष्कळ फरक पडेल.

कायद्यानुसार पशुवैद्यकी करण्याचा अधिकार परिषदेकडे नोंदणी झालेल्या पदवीधरालाच आहे. पदविकाधारकांना किरकोळ सेवा देता येतात, त्याही नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली. औषध दुकानातील सल्ला हा उपचार नव्हे, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे.

या शिक्षणात प्राणिपालकांचाही वाटा आहे. दवाखान्यात जाताना लसीकरणाची पुस्तिका न्यावी. झटका, खोकला किंवा लंगडणे यांचे मोबाइलवर चित्रण करावे, कारण दवाखान्यात पोहोचताच ते लक्षण बहुधा थांबते. कोणती गोळी आधी दिली, हे लपवू नये. लाळ गाळणाऱ्या, जबडा लोंबणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन विनाविलंब आरोग्य केंद्रात जावे. आणि शिक्षण-चिकित्सालयात एखादा तरुण विद्यार्थी तेच तेच प्रश्न विचारून, नाकापासून शेपटीपर्यंत हळूहळू तपासत असेल, तर थोडा धीर धरावा. उद्या काकतीच्या महामार्गावर किंवा फोंड्याच्या रस्त्यावर रात्री एखाद्या मुक्या जिवाला हाच हात लागणार आहे.